रोम तीन दिवसांत: तिकिटं, पाय आणि पोट

तांब्यापितळ

रोमचे प्रश्न चार धाग्यांवर विखुरलेत, शोधणाऱ्याचा जीव जातो. म्हणून हा वेगळा धागा. युरोपच्या सहलीत रोमच्या वाट्याला बहुतेकदा तीन दिवस येतात, तेवढेच धरलेत. भाव सरकत असतात, निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा पडताळा.

आधी मुद्द्याचं. वेळ ठरवून तिकीट घ्यायलाच हवं अशा मोठ्या जागा तीन: कोलोसियम, व्हॅटिकनची संग्रहालयं आणि चित्रं-पुतळ्यांची बोर्गेझे गॅलरी. बाकीचं रोम चौकात, रस्त्यावर आणि चर्चमध्ये मांडून ठेवलेलं आहे. म्हणून दिवसाला असं एकच तिकीट घ्या, तेही सकाळचं. दोन घेतलीत की दुसऱ्यासाठी पहिल्यातून पळत निघावं लागतं आणि मधलं जेवण हुकतं, कारण बऱ्याच चांगल्या खानावळींची स्वयंपाकघरं तीनच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतात.

कोलोसियमचं तिकीट अधिकृत ठिकाणी भेटीच्या ३० दिवस आधी खुलं होतं. साधं तिकीट १८ युरो. त्यात कोलोसियममध्ये ठरल्या वेळी एकदा आणि शेजारच्या फोरम-पॅलाटाइन या प्राचीन अवशेषांमध्ये २४ तासांत एकदा प्रवेश मिळतो. तिकिटावर नाव असतं आणि दारात ते पासपोर्टशी ताडून बघतात. त्यामुळे घरातल्या हाकेच्या नावाने काढू नका, पासपोर्टवर आहे तसंच टाका. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, पण शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं. ते विसरलं की दारात अख्खं कुटुंब अडकतं. मोठी सॅक आणि चाकांची बॅग आत चालत नाही, सामान ठेवायची सोयही नाही. म्हणजे हॉटेल सोडायच्या दिवशी कोलोसियम ठेवू नका.

व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, पण त्या दिवशीची रांग पाहिली की फुकट हा शब्द मनातून उतरतो. तिकीट २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे वर ५. हे ५ युरो म्हणजे रांगेतून सुटकेची किंमत, द्यावेत.

बोर्गेझे सोमवारी बंद. दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात, आरक्षणाशिवाय जायचा विचारही नको. पिशव्या खाली जमा कराव्या लागतात, म्हणून अर्धा तास आधी पोचा. पाळी संपली की बाहेर काढतात. वेळ कमी पडला तर चित्रं सोडा, पण शिल्पकार बेर्निनीचे पुतळे सोडू नका. 'प्लुटो आणि प्रोसेर्पिना'मध्ये प्लुटोची बोटं तिच्या मांडीत रुतलेली दिसतात, आणि ते संगमरवर आहे.

पायीपायी

वारांची सांगड महत्त्वाची. रवि-सोम-मंगळ असे दिवस आले तर रविवारी कोलोसियम, सोमवारी व्हॅटिकन, मंगळवारी बोर्गेझे असं बसतं. पण तो महिन्याचा पहिला रविवार असेल तर सरकारी संग्रहालयं फुकट असतात आणि कोलोसियमला जत्रा भरते. त्या दिवशी नुसतं चर्च, चौक आणि नदीकाठ करा.

बुधवारची आणखी एक मेख. पोप रोममध्ये असले की सकाळी त्यांची सार्वजनिक भेट असते आणि सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे व्हॅटिकनचं मोठं चर्च, दुपारपर्यंत बंद ठेवतात. त्या दिवशी सकाळी संग्रहालयं, जेवण, मग बॅसिलिका हा क्रम ठेवा.

आणि संग्रहालयांच्या शेवटी येणाऱ्या सिस्टीन चॅपेलमधून उजव्या हाताच्या दाराने थेट बॅसिलिकात उतरता येतं, असा सल्ला सगळीकडे फिरतो. ते दार मार्गदर्शकासोबतच्या गटांसाठी आहे. त्यावर बेत आखू नका. एरवी संग्रहालयांच्या मुख्य दारातून बाहेर पडून भिंतीला वळसा घालून चौकात यायचं, चांगली पंधरा-वीस मिनिटं जातात. वर सुरक्षा तपासणीची रांग. बॅसिलिकात प्रवेश फुकट, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हा नियम पुरुषांच्या अर्ध्या चड्डीलाही लागू आहे.

बॅसिलिकाच्या घुमटाच्या पायऱ्या ५५१. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटचा टप्पा अरुंद, घुमटाच्या कलत्या भिंतीला धरून जाणारा. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी वर जाऊ नये. मध्येच मागे वळता येत नाही.

रुळावरची

येण्याजाण्याचं मी लिहिते.

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला थेट जाणारी लेओनार्दो एक्सप्रेस १४ युरोला, ३२ मिनिटं. साधी लोकल ८ युरोला आहे, पण ती तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. हॉटेल त्रास्तेव्हेरेला असेल तर तीच बरी. पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा जुन्या तटबंदीच्या आतला दर ठरलेला आहे, ५५ युरो, माणशी नव्हे तर गाडीचा, सामान धरून. चार जण असाल तर एक्सप्रेसच्या चार सुट्या तिकिटांचे ५६ होतात, म्हणजे टॅक्सी तेवढ्यातच पडते. मात्र हॉटेल तटाच्या आत आहे का ते नकाशावर बघून ठेवा. व्हॅटिकनशेजारचा प्राती भाग तटाबाहेर पडतो, तिथे मीटरची गोष्ट निघू शकते. विमानतळाच्या आतच गाठून "टॅक्सी, टॅक्सी" करणाऱ्याकडे ढुंकूनही बघू नका. रांग बाहेर असते.

शहरातलं साधं तिकीट १.५० युरो, १०० मिनिटं. बस आणि ट्राम कितीही बदला, मेट्रोत मात्र एकदाच शिरायचं. मेट्रोतून बाहेर पडून पुन्हा आत गेलात की नवीन तिकीट. कागदी तिकीट 'T' असं अक्षर लावलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. खिशात कोरं तिकीट असलं तरी तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीटच, आणि दंड होतो. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवूनही जाता येतं, पण दर माणशी वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डाने चौघांचं भागत नाही.

६४ क्रमांकाची बस तेर्मिनीवरून सेंट पीटर्सकडे जाते, म्हणून पर्यटक तीच धरतात, आणि पाकीटमारही. मेट्रोच्या ए लाइनीतही तेच. दार बंद व्हायच्या क्षणी होणारी ढकलाढकली हा त्यांचा मुहूर्त. सॅक पुढे घ्या, फोन मागच्या खिशात नको.

आंबटगोड

धागा वेळेवर आला. आम्ही चौघं, त्यात आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. घरात अंडंसुद्धा नाही. पास्ता-पिझ्झा शाकाहारीच असतं असं सगळे सांगतात, ते कितपत खरं? आणि बाबांच्या गुडघ्यांचं काय?

घडीचीपोळी

अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं ताटात आल्यावर कळतं.

रोमचे चार नावाजलेले पास्ते: काचो ए पेपे, ग्रिचा, कार्बोनारा, आमात्रिचाना. पहिला सोडून तिन्हींत ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. राहिला काचो ए पेपे: चीज, मिरी आणि पास्ता शिजवलेलं पाणी, एवढंच. पण रोममध्ये तो बहुधा तोन्नारेल्ली या जाड शेवयांवर देतात, आणि त्यात अंडं असतं. स्पॅगेटीवर करून मागा. सुक्या स्पॅगेटीत फक्त गहू आणि पाणी.

आता चीज. पेकोरिनो रोमानो कोकराच्या पोटातल्या विरजणाने लावलेलं असतं, ते त्याच्या ठरलेल्या कृतीतच आहे. पार्मेझानमध्येही वासराचं. दूध आहे म्हणजे चालेल, की विरजणही बघायचं, हे घरात आधीच ठरवून घ्या. विरजणही नको असेल तर 'सेन्झा फोर्माज्जो', म्हणजे चीज न घालता, हे दोन शब्द पाठ करा.

फसवणारे पदार्थ सांगते. फ्योरी दि झुक्का, म्हणजे तळलेली भोपळ्याची फुलं. आत मोझारेल्लासोबत खारवलेला अँचोव्ही मासा असतो. पुंतारेल्ले नावाची हिवाळी कोशिंबीर. वरची चटणी अँचोव्हीचीच. सुप्ली म्हणजे भाताचा तळलेला गोळा. मूळ प्रकारात खिमा. सूप आणि रिसोत्तो मांसाच्या रश्शात शिजलेले असू शकतात, 'ब्रोदो' शब्द दिसला की विचारा. पास्ता ए फाजोलीत राजम्यासारख्या दाण्यांबरोबर डुकराची साल घालायची पद्धत आहे. गोडात तिरामिसूत कच्चं अंडं, पान्ना कोत्तात जिलेटिन.

निर्धास्त खावं असं: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच), पिझ्झा रोस्सा (नुसता टोमॅटो), पिझ्झा ब्यांका (नुसतं तेल-मीठ), स्पॅगेटी आल्यो ओल्यो (लसूण, तेल, लाल मिरची) आणि चिकोरिया रिपास्साता. ही शेवटची म्हणजे कडवट पालेभाजी, उकडून लसूण-मिरचीवर परतलेली. भाकरीची आठवण काढायला लावते. फेब्रुवारी ते एप्रिल आर्टिचोकचा, म्हणजे कळीसारख्या एका भाजीचा हंगाम. कार्चोफी आला जुदिया म्हणजे अख्खा आर्टिचोक दोनदा तळून फुलासारखा उलगडलेला, पाकळ्या कुरकुरीत, मधला गाभा मऊ. 'आला रोमाना' हा पुदिन्यासारख्या पाल्यासोबत वाफवलेला. आईबाबांच्या दातांना तो सोपा.

एक युक्ती कमी लोकांना माहीत असते. ज्यू वस्तीत, व्हिया देल पोर्तिको दोत्ताव्हियाच्या आसपास, कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनी चालणाऱ्या खानावळी आहेत. कोशर नियमाने मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात येत नाही. म्हणजे दुधाच्या पदार्थांची कोशर जागा निवडली की मांसाचा प्रश्नच मिटतो. मासे आणि अंडी मात्र असू शकतात. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ या जागा बंद असतात.

वेटरला सांगायचं वाक्य: 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते उओव्हा.' मांस नको, मासे नको, अंडं नको. नुसतं 'व्हेजेतारियानो' म्हटलं तर अंडं येणार, कारण त्यांच्या शाकाहारात ते बसतं.

तांब्यापितळ

+१. डाळ-तांदूळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या हव्या असतील तर तेर्मिनीजवळ पियाझ्झा व्हित्तोरियोच्या आसपास देशी किराण्याची दुकानं आहेत आणि एस्क्विलिनोची बंदिस्त मंडईही. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर एका वेळचा वरणभात सहज निघतो. आणि भारतातला दोन गोल काट्यांचा बारीक प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन काट्यांचा बसत नाही. इलेक्ट्रिक कुकर नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पायीपायी

@आंबटगोड, गुडघ्यांसाठी: कोलोसियमच्या वरच्या मजल्याला लिफ्ट आहे. खरा त्रास फोरममध्ये होतो. रोमन काळातल्या रस्त्याचे दगड उंचसखल आणि पायांनी गुळगुळीत झालेले, सावली जवळजवळ नाही. पॅलाटाइन हा चढ आहे. बाबांना कोलोसियम आतून दाखवा आणि फोरम वरून, काम्पिदोल्यो टेकडीच्या मागच्या कठड्यावरून. तिथून सगळं एका नजरेत येतं, तिकीटही लागत नाही.

व्हॅटिकनमध्ये चालणं फार. सिस्टीनच्या कडेच्या भिंतींना लागून बाक आहेत. ते रिकामे होईपर्यंत थांबा, बसून वर बघा. उभ्याने मान दहा मिनिटांत भरते. आत फोटो काढायला बंदी आहे.

बोर्गेझेनंतर बागेतून पिंचो टेकडीच्या गच्चीकडे चाला, तिथून पियाझ्झा देल पोपोलोत उतरा. हा रस्ता उताराचा आहे. उलटा केलात तर चढ. तिथून सरळ दक्षिणेला स्पॅनिश स्टेप्स या पायऱ्या, त्रेव्हीचं कारंजं आणि पँथेऑन हे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर. स्पॅनिश स्टेप्सवर २०१९ पासून बसायला बंदी आहे, शिपाई शिटी वाजवून उठवतो आणि दंडही होऊ शकतो. थकलेल्यांनी तिथे टेकायचा बेत करू नये.

चपला-बूट: रस्ते साम्पिएत्रिनीचे, म्हणजे काळ्या दगडाच्या चौकोनी ठोकळ्यांचे, मध्ये फटी. पातळ तळव्याची चप्पल दुपारपर्यंत टाच फोडते, आणि बॅगेची छोटी चाकं फटीत अडकून मोडतात.

चुन्याचीनिवळी

फुकटातलं सर्वोत्तम कोणी लिहिलंच नाही. काराव्हाज्जोची मूळ चित्रं, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. सान लुईजी देइ फ्रांचेझी चर्चमध्ये डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात संत मॅथ्यूची तीन, सांता मारिया देल पोपोलोत दोन, सान्त आगोस्तिनोत एक. पहिलं आणि तिसरं एकमेकांपासून दोन-तीन मिनिटांवर आहेत, पँथेऑनजवळ.

कोनाड्यात अंधार असतो. बाजूला नाणी टाकायची पेटी असते; नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने खट्टकन विझतो. म्हणून सुट्टी नाणी जवळ ठेवा. त्याहून गंमत म्हणजे एकदा दिवा विझू द्या आणि खिडकीच्या उजेडात बघा. मॅथ्यूला बोलावणाऱ्या चित्रातला प्रकाश उजवीकडून येतो, आणि त्या कोनाड्याची खरी खिडकीही तुमच्या उजव्या हाताला, वेदीच्या वर आहे. चित्रकाराने दोन्हींचा मेळ घातलाय. पिवळ्या दिव्यात हे कळत नाही.

ही चर्चं दुपारी काही तास बंद असतात, तेव्हा जाऊ नका. पँथेऑन मात्र दुपारीही चालू असतं. २०२३ च्या जुलैपासून त्याला ५ युरो तिकीट आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे ४३.३ मीटर. वरच्या भोकाला काच नाही, पाऊस आत पडतो. जमीन मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि पाणी जायला बारीक भोकं आहेत, २२. पावसाच्या दिवशी लोक पँथेऑन टाळतात. उलट तेव्हाच जावं.

घडीचीपोळी

आता पैशाचं, बिलावरून होणारे वाद बघून लिहिते.

रोम ज्यात येतं त्या लात्सियो प्रांतात कोपेर्तो, म्हणजे नुसतं टेबलावर बसल्याचे पैसे, लावायला २००६ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून बिलावर 'पाने', म्हणजे पाव, असा आकार येतो, माणशी एक ते तीन युरो. पाव नको असेल तर ठेवतानाच 'सेन्झा पाने' म्हणा. खाऊन मग नाही म्हणता येत नाही. 'सेर्व्हित्सियो' हा सेवाशुल्काचा टक्का मेन्यूवर आधी छापलेला असला पाहिजे. तो लावला असेल तर वर टिप द्यायची गरज नाही, एरवीही सक्ती नाही.

माशाचा भाव 'एत्तो'मागे लिहिलेला असतो, म्हणजे १०० ग्रॅमला. ८ युरो वाचून ६०० ग्रॅमचा मासा मागवला की ४८ युरो. मासे खाणाऱ्या मंडळींनी आधी वजन करून घ्या. वेटर मासा ताटात आणून दाखवतो, तेव्हाच विचारायचं.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. 'इल कोंतो.' दुर्लक्ष समजून चिडू नका, न मागता बिल आणणं हे त्यांच्याकडे उठवून लावल्यासारखं आहे.

कॉफी उभ्याने प्या. बऱ्याच बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती घेऊन काउंटरवर. एस्प्रेसो सव्वा-दीड युरोला. तीच टेबलावर बसून घेतली, विशेषतः मोठ्या चौकात, तर तिप्पट-चौपट. 'लात्ते' म्हणालात तर नुसतं दूध येईल. चहा म्हणजे गरम पाणी, पिशवी आणि लिंबाची फोड. दूध वेगळं मागा आणि फार अपेक्षा ठेवू नका.

दुपारी पिझ्झा आल ताल्यो. मोठ्या लोखंडी परातींतला चौकोनी पिझ्झा वजनावर विकतात. दुकानदार सुरी पिझ्झ्यावर टेकवून तुमच्याकडे बघतो, तुम्ही हातानेच 'अजून अलीकडे' किंवा 'पलीकडे' दाखवायचं. मग तो कात्रीने कापतो, तोलतो, गरम करून कागदावर देतो. बटाटा आणि रोझमेरीचा, चीज नसलेला, शाकाहाऱ्यांनी शोधावा. मात्र मांसाच्या पिझ्झ्याला लागलेलीच कात्री याला लागते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी खानावळीत बसून मारिनारा घ्यावा.

जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, निवडताना रंग बघा. पिस्त्याचा हिरवागार किंवा केळ्याचा पिवळाधमक असेल, आणि भांड्यातून डोंगरासारखा वर आला असेल, तर पुढे चला. चांगला पिस्ता मळकट तपकिरी-हिरवा असतो. अंडं टाळायचं तर 'क्रेमा' आणि 'झाबायोने' नको. फळांचे सोर्बेत्तो बहुधा पाण्यात केलेले असतात, तरी विचारा. उन्हाळ्यात नदीकाठच्या टपऱ्यांवर ग्रात्ताकेक्का मिळते: लादीवरून हाताने खरवडलेला बर्फ आणि वर सरबत. थोडक्यात आपला गोळा, फक्त काडीऐवजी पेल्यात.

रुळावरची

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ आहेत, नासोनी म्हणतात, साधारण अडीच हजार. पाणी सतत वाहतं, थंड आणि पिण्याचं. तोटीचं तोंड खालून बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, वाकायला नको. बाटली भरायची तर खालूनच भरा.

कार्ड वापरताना यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारतं. दर वेळी युरो. रुपये निवडले की ते आपला दर लावतात आणि तो महाग पडतो.

आंबटगोड

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. शेवटचं: हॉटेलवाला बुकिंगचे पूर्ण पैसे भरल्यावरही वेगळे रोख मागतो असं ऐकलं. खरं का? आणि ऑगस्टमध्ये जावं का?

तांब्यापितळ

खरं आहे, तो महापालिकेचा मुक्काम कर. माणशी, रात्रीमागे. तीन तारांकित हॉटेलात ६ युरो, चार तारांकितला साडेसात, पाच तारांकितला १०. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. तुम्ही चौघं, तीन रात्री, तीन तारांकित: ७२ युरो. बऱ्याच बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसतो. पावती मागून घ्या.

ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी, तिच्या आजूबाजूला घरगुती खानावळी दोन-तीन आठवडे कुलूप लावून समुद्रावर जातात आणि पर्यटकांसाठीच्या तेवढ्या उघड्या राहतात. जावंच लागलं तर कोलोसियम सकाळी पहिल्या वेळेचं घ्या, अकरा ते चार खोलीत झोपा, आणि खानावळीला निघण्याआधी फोन करून ती चालू आहे का ते विचारा. नकाशावरच्या वेळा त्या महिन्यात धरू नका.